एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत) व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे पुन्हा नव्याने न दाबता, त्यात न दिसणारा वॉटरमार्क (प्रत कुणाची ते सांगणारी खूण) टाकता येतो का?

येतो. पण तुमच्या क्लासची लेक्चरं मुलंच स्क्रीन रेकॉर्ड करून वाटतात म्हणता, तिथे त्याचा उपयोग नाही.

नागपुरात सीताबर्डीच्या एका क्लाससाठी मी हा उद्योग करून बसलोय. फाइल अर्धवट उलगडली, आय-फ्रेममधल्या (दुसऱ्या फ्रेमवर न विसंबणारी, स्वतःत पूर्ण फ्रेम) ४×४ ब्लॉकचे काही कोएफिशिअंट, म्हणजे चित्र साठवणारे आकडे, एकाने वर-खाली केले, परत बांधली. चालवून पाहतो तर काय बाप्पा, सरांच्या हातामागे फळ्यावर डाग सरकताहेत! पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवरून बनते, त्यामुळे केलेला बदलही तिच्यात उतरतो. एक्स२६४ या एच.२६४ एन्कोडरच्या मूळ सेटिंगात दोन आय-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर असू शकतं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर १० सेकंद डाग साचत राहणार.

एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीत सारख्या लांबीच्या कोडांची अदलाबदल करायची युक्ती होती, फाइलचा आकार बदलत नसे. एच.२६४च्या कॅबॅकमध्ये (आकडे बिटांत बांधायची एक रीत) बिट एकमेकांत इतके गुंतलेले की ती सरळ तशीच चालत नाही. आणि पुन्हा एन्कोड झालं की अशी नाजूक खूण पुसली जाते. स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणजे पुन्हा एन्कोडच.

म्हणून एन्कोड कराच, पण फक्त दोनदा. एकाच लेक्चरच्या अ आणि ब अशा दोन प्रती, चित्राच्या उजळपणात डोळ्याला न कळणारा, पण जरा पसरट फरक ठेवून. दोन्हींचे ६-६ सेकंदांचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा आय-फ्रेमने सुरू होईल असे. प्लेलिस्ट मात्र प्रत्येकाला वेगळी द्या: कुणाला अबबअ, कुणाला बअअब. १० तुकड्यांत, म्हणजे एका मिनिटात, १०२४ वेगळे क्रम होतात. साठवण फक्त दुप्पट लागते. लीक झालेली प्रत हाती आली की आधी वेळ जुळवा, मग तुकड्यागणिक ती अ-ब फरकाशी ताडून पाहा.

तुकड्यांच्या नावात अ-ब ठेवू नका, मुलांना क्रम कळतो; मी ठेवलं होतं. दोन रूममेट आपापल्या प्रतींचे तुकडे मिसळतील, तेही धरून चाला. त्यासाठी गणितज्ञ गाबोर तार्दोश यांचे २००३चे कोड आहेत, म्हणजे प्रती मिसळल्या तरी माणूस सापडेल असे अ-बचे क्रम, पण मिसळणारे दुप्पट झाले की कोडची लांबी साधारण चौपट होते. तुमचं लेक्चर दीड तासाचं असेल तर ९०० तुकडे मिळतात. दोघा-तिघांच्या टोळीपासून सुरुवात करून हिशेब मांडा.