मुळांवरच्या गाठी आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींतून रायझोबियम (हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू) वेगळे करण्याचा प्रकल्प मी घेतला आहे; परंतु पाच दिवस झाले तरी काँगो रेड हा रंग घातलेल्या वाढ-माध्यमावर जिवाणूंच्या लाल वसाहतींखेरीज (ठिपक्यांसारख्या समूहांखेरीज) काहीच दिसत नाही. विषय बदलावा का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : कृपया इतक्यात विषय बदलू नका. रायझोबियमच्या वसाहती हा रंग फारसा शोषत नाहीत; त्या पांढुरक्या, ओलसर आणि चिकट दिसतात. गडद लाल वसाहती बहुधा गाठीच्या पृष्ठभागावरून आलेल्या इतर जिवाणूंच्या असतात. गाठ 70 टक्के अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवल्यानंतर निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा धुवा आणि शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या डिशवर पसरून पाहा. तेथे काही वाढले, तर निर्जंतुकीकरण अपुरे राहिले असे समजावे. कापल्यावर आतून गुलाबी दिसणारीच गाठ घ्या, कारण तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतील प्रथिनाचा, म्हणजे गाठ कार्यरत असल्याचा असतो. डिश अंधारात ठेवा. भुईमुगातील ब्रॅडीरायझोबियम हा रायझोबियमच्याच गटातला जिवाणू संथ वाढतो, त्यामुळे दहा दिवस थांबणे गरजेचे आहे. हाताशी वेळ कमी असेल, तर सोबत मेथीच्या गाठी घ्या, त्यांतील जिवाणू साधारण तीन दिवसांत दिसू लागतात.

मात्र केवळ वसाहतीच्या रूपावरून ‘रायझोबियम मिळाले’ असे प्रबंधात लिहू नका. निर्जंतुक वाळूत वाढवलेल्या रोपांना तो जिवाणू द्या, काही रोपे त्याविना ठेवा, आणि सुमारे सहा आठवड्यांनी दोन्हींची मुळे धुऊन गाठी मोजा.