जपून पाणी वापरणाऱ्याचंच बिल जास्त टक्क्यांनी कसं वाढतं?

काका, लेकीच्या बिलात घोळ असेलच असं नाही. पेपरात सरासरी १५ टक्के वाढ आली, ती दोघंच राहतात, पाणी जपून वापरतात, तरी बिल २४ टक्के वाढलं असं तुम्ही म्हणताय. अहो, कमी वापरतात म्हणूनच टक्का मोठा दिसतोय.

मीटरच्या बिलात एक ठरलेला आकार असतो, नळ उघडा नाहीतर बंद ठेवा तो द्यायचाच, आणि दुसरा युनिटचा हिशेब, १ युनिट म्हणजे १००० लिटर. आता समजा (आकडे माझ्या मनाचे) आकार ६० चा ९० झाला, पहिल्या १५ युनिटला दर युनिटमागे ८ रुपये तसाच राहिला, १५ ते २५ ला १२ चे १३ आणि २५ च्या वर २० चे २६. महिना ८ युनिटवाल्याचं १२४ चं १५४ झालं, वाढले फक्त ३० रुपये पण टक्के २४. वीस युनिटवाल्याचं २४० चं २७५, म्हणजे १५ टक्के पण नाही. आणि ३५ युनिटवाला, ज्याची बाग आहे, रोज गाडी धुतो, त्याचं ५०० चं ६००. म्हणजे रुपयात तोच जास्त भरतो, पण टक्क्यात तुमची लेक पुढं. म्हणून टक्के बघू नका, आकार वाढला का स्लॅबचा, म्हणजे वापराच्या टप्प्याचा, दर वाढला ते बघा, आकार वाढला असेल तर पाणी कितीही वाचवा तेवढे पैसे काही वाचत नाहीत.

स्लॅब ओलांडला की वरच्याच युनिटला जादा दर लागतो का सगळ्याच युनिटला, हे पण विचारा. दिल्लीत महिना २० हजार लिटरपर्यंत फुकट अशी योजना आली तेव्हा त्याच्या वर गेलं की पूर्ण वापराचं बिल येत होतं, थोड्यासाठी सगळंच अंगावर.

आणि सोसायटीत एकच मीटर आहे का? हे मी जवळून बघितलंय, भाचा राहतो तिथं. समजा मघाशी धरलेल्या नव्या दरानं १० फ्लॅट, प्रत्येकी १२ युनिट, पण १० घरं म्हणून स्लॅबच्या मर्यादा १० नं गुणल्याच नाहीत (१५ च्या जागी १५०) तर १२० युनिट एकाच घराचे धरून २८१० येतात, फ्लॅटला २८१. वेगळं मीटर असतं तर १८६. सेक्रेटरीला महापालिकेकडं फ्लॅटची संख्या नोंदवलीय का तेवढं विचारायला सांगा.

आता आपल्या सोलापुराचं. इथं ठोक पाणीपट्टी, म्हणजे वापर कितीही असो ठरलेली रक्कम, त्यामुळं दोघांचं घर आणि मोटर लावून ओढणारे बारा जण सारखंच भरतात, वाढ झाली की सगळ्यांना सारखीच. मीटर आले तर छोट्या घरांचा फायदा व्हायला पाहिजे. पण उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला चार-चार दिवसांआड पाणी बघायची सवय आपल्याला, नवीन पाणी आलं की हौदातलं शिळं पाणी अंगणात ओतून देतो आपण, ते पण मीटरवर पडणार. शिवाय पाणी यायच्या आधी पाइपातली हवा येते, तिनं पण मीटर फिरतं. ह्या हवेचं बिल लागणार का ते नक्की होईपर्यंत मी तरी मीटरसाठी हात वर करणार नाही.

लेकीकडून जुन्या-नव्या दोन्ही बिलांचे फोटो मागवा, दरतक्ता दिसला पाहिजे, आकडे टाकून सांगतो.