मंदक्रोध म्हणजे मंद आचेवरचा राग नव्हे!

प्रश्न असा आलाय: "बायबलमध्ये देवाला 'मंदक्रोध' म्हटलंय आणि ख्रिस्ती माणसानेही तसंच असावं असं सांगतात. म्हणजे राग कमी यायला हवा, की आलेला राग आतल्या आत दाबायचा? मग त्यात आणि संयमात फरक काय? कृतज्ञता, शांती हे पण सगळं एका दमात सांगतात, ते कसं जुळतं?"

बरं झालं विचारलंत, कारण या शब्दाचे हाल बघून मी वैतागलेय. परवाच एका प्रार्थनासभेत एक गृहस्थ साक्ष द्यायला उभे राहिले. म्हणाले, प्रभूच्या कृपेने मी आता मंदक्रोध ठेवतो, सख्ख्या भावाशी तीन वर्षं झाली बोललो नाही पण एकदाही आवाज चढवला नाही. सगळे आमेन म्हणाले. मी एकटीच कपाळाला हात लावून बसले होते.

पहिली गोष्ट, मंदक्रोध 'ठेवता' येत नाही. तो रागाचा प्रकार नाहीच, ते माणसाचं विशेषण आहे. मंद आहे क्रोध ज्याचा तो मंदक्रोध, सरळ बहुव्रीही समास. पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र नसून ते नेसणारा, शाळेत घोकलेलं उदाहरण. तसंच हे. 'माझा मंदक्रोध', 'मंदक्रोध बाळगा' असं ऐकलं की समजायचं, बोलणाऱ्याने समास चुकीचा सोडवलाय आणि त्यामुळे अर्थ पण चुकीचा लावलाय. कारण एकदा का तो रागाचा प्रकार मानला, की डोक्यात लगेच गॅसची बारीक केलेली ज्योत येते, म्हणजे राग आहे, चालू आहे, फक्त आच कमी. हे बरोबर उलटं झालं! इथे मंद म्हणजे हळू. शनीला संस्कृतात मंद म्हणतात, आणि शनिवारला मंदवार, ते काही तो ग्रह बारीक जळतो म्हणून नाही, आकाशातून सावकाश सरकतो म्हणून. मंदक्रोध म्हणजे ज्याचा राग शनीच्या चालीने येतो तो. जळतो कसा हा प्रश्नच नाही, येतो कधी हा प्रश्न आहे.

आता खरी मजा, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. बायबलच्या निर्गम या पुस्तकात, ३४:६ मध्ये (म्हणजे अध्याय ३४, वचन ६), जिथे आपल्याकडे मंदक्रोध आहे तिथे मूळ हिब्रू शब्द आहेत 'एरेख अप्पायिम'. एरेख म्हणजे लांब. आणि अप्पायिम म्हणजे, हसू नका, नाक! 'अफ' म्हणजे नाक आणि 'अफ' म्हणजेच राग, हिब्रूत एकच शब्द. अप्पायिम हे त्याचं द्विवचन, दोन नाकपुड्या. तर देव कसा आहे? लांब नाकाचा. आणि राग येणं कसं सांगतात? 'नाक तापलं' असं. दोनच अध्याय मागे, ३२ मध्ये, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे डोंगरावरून उतरतो, खाली लोकांनी पूजेला केलेल्या सोन्याच्या वासराभोवती नाच चाललेला बघतो आणि त्याचं 'नाक तापतं', हातातल्या, देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या आपटून फोडतो. नवीन पाट्या घेऊन तो परत वर जातो तेव्हा त्याच्यासमोर देव स्वतःचं वर्णन 'लांब नाकाचा' असं करतो. तापलेलं नाक आणि लांब नाक, दोन अध्यायांत समोरासमोर. हे भाषांतरात कुठे दिसतच नाही हो!

आणि आपण मराठीत काय म्हणतो? 'राग अगदी नाकाच्या शेंड्यावर!' आता सांगा. हिब्रू आपल्याकडे शिकायला आली नव्हती आणि आपण तिच्याकडे गेलो नव्हतो, पण माणसाचं नाक सगळीकडे सारखंच, राग आला की नाकपुड्या फुगतात, श्वास फुसफुसतो. त्यामुळे मी बरीच वर्षं सगळ्यांना असं सांगायचे की बघा, राग शेंड्यावर बसतो, मग नाक जितकं लांब तितका त्याला शेंड्यापर्यंत पोचायला वेळ, म्हणून लांब नाकाचा तो मंदक्रोध. फार आवडायचं मला हे. पण ते सोडलं मी. सोडायला लावलं बायबलमधल्याच नीतिसूत्रे या पुस्तकाने. १४:१७ मध्ये शीघ्रकोपी माणसाला 'आखूड नाकाचा' म्हटलंय, तिथपर्यंत माझं ठीक चाललं होतं, पण १४:२९ मध्ये लांब नाकवाल्यासमोर उभा केलाय तो 'आखूड रुआख'चा माणूस. रुआख म्हणजे वारा, श्वास, आत्मा. म्हणजे इथे मामला नाकाच्या लांबीचा नाही, त्यातून जाणाऱ्या श्वासाच्या लांबीचा आहे. उत्पत्ती २:७ मध्ये देव माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो ना, तिथे पण नाकाला हाच शब्द आहे. लांब श्वासाचा माणूस तो मंदक्रोध, आखूड श्वासाचा तो तापट.

मग याला आपली बोलीतली मराठी काय म्हणेल? 'दम धर.'

दम! फारसी 'दम' म्हणजे श्वास. दम लागला, दमा झाला, एका दमात वाचून काढलं, सगळीकडे तोच श्वास. दम धर म्हणजे श्वास सोडू नकोस, अजून थोडा लांबव. अगदी 'एरेख अप्पायिम', फक्त नाक न दाखवता. मंदक्रोध या भारदस्त संस्कृत शब्दापेक्षा 'दम धरणारा' हे मूळ हिब्रूच्या जास्त जवळ आहे असं माझं ठाम मत आहे, आणि यावर मला भल्याभल्यांनी सुनावलंय. एक म्हणाले, ताई, दम हा संस्कृत शब्द आहे, शम-दमातला, दम् म्हणजे काबूत आणणे, तो फारसी कुठून आणलात? अहो, दोन वेगळे दम आहेत! कोशात शेजारी शेजारी छापले म्हणून भाऊ होत नाहीत ते. संस्कृत दम म्हणजे वळण लावणे, माणसाळवणे. दमन, दुर्दम्य, हे त्या घरचे. दमा, दमदार, दम धरणे, हे श्वासाच्या घरचे. 'दम धरणे' संस्कृतातून काढणाऱ्यांना माझा साधा प्रश्न, मग 'दम लागणे'चं काय करता? जिना चढून निग्रह लागतो का कुणाला?

पण या भांडणातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं, म्हणून त्या संस्कृत दमवाल्या गृहस्थांचे आभार. गलतीकरांस पत्रात, ५:२२-२३ मध्ये, येशूचा प्रेषित पौल आत्म्याचं फळ सांगतो, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणारे गुण, त्यात नऊ गोष्टी आहेत. (फळ, एकवचन! 'आत्म्याची नऊ फळं' असं म्हणत मुलांकडून पाठ करून घेतात ते मूळ ग्रीकमध्ये नाही, तिथे देहाची 'कामं' अनेक आहेत आणि फळ एक. पण ते असो.) त्या नवांत चौथी आहे सहनशीलता आणि शेवटची, नववी, इंद्रियदमन. चौथीला ग्रीक शब्द आहे माक्रोथिमिया, माक्रो म्हणजे लांब, हा आपल्या लांब नाकवाल्याचाच ग्रीक अवतार, जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या हिब्रू भागाच्या, ग्रीक भाषांतरात निर्गम ३४:६ ला 'माक्रोथिमोस' असंच घातलंय. नववीला आहे एन्क्रातेइया, त्यात 'क्रातोस' म्हणजे सत्ता, ताकद, म्हणजे स्वतःवर ज्याची सत्ता चालते त्याचा गुण. झालं की! चौथी म्हणजे फारसी दम, नववी म्हणजे संस्कृत दम. एक श्वास लांबवणं, दुसरं जनावर वळणावर आणणं. पौलाला मराठी येत असती तर त्याने यावर कोटी केली असती असं मला उगाचच वाटतं.

म्हणून तर 'संयम' शब्दाच्या आजच्या वापराने माझं नाक तापतं. रिझल्ट लागायला उशीर झाला, संयम ठेवा. सर्व्हर डाऊन आहे, संयम बाळगा. अहो तो धीर! वाट बघायला धीर लागतो, संयम नाही. संयम यम् पासून आलाय, आवरणं, लगाम खेचणं, जे नियमात आहे, संयमनात आहे तेच. लगाम खेचायला आधी घोडा धावत असावा लागतो ना. सर्व्हर डाऊन असताना मी कुठला घोडा आवरू? आणि मग प्रवचनात पण तोच घोळ येतो, चौथा गुण आणि नववा गुण दोन्हीला 'संयम' म्हणून मोकळे, ऐकणाऱ्याला वाटतं पौल एकच गोष्ट दोनदा का सांगतोय. धीर दुसऱ्या माणसाच्या बाबतीत लागतो आणि संयम स्वतःच्या. ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो तट पडलेल्या गावासारखा, असं नीतिसूत्रांत २५:२८ ला आहे, तिथे वाट बघण्याचा विषयसुद्धा नाही.

'इंद्रियदमन' पण मला फारसा आवडत नाही हे सांगून टाकते. शब्द चुकीचा नाही, पण दमन म्हटलं की आता डोळ्यासमोर लाठ्या येतात, दडपशाही येते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये छापून निघालं, त्यांचा आग्रहच होता की साध्या बाईमाणसाला कळेल अशी मराठी हवी. तो आग्रह आपण विसरलोय. आज कुणी मला विचारलं तर मी नुसतं 'स्वतःवर ताबा' म्हणेन.

राग आतल्या आत दाबायचा का, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच. दाबायचा नाही. इफिसकरांस पत्र ४:२६ मध्ये 'रागावा' असं चक्क आज्ञार्थी रूप आहे, मग पाप करू नका, आणि सूर्य मावळायच्या आत राग संपवा. मार्क ३:५ मध्ये येशू स्वतः सभोवार रागाने बघतो, तिथे ग्रीक शब्द ओर्गे, सरळ राग. म्हणजे राग येणं हा गुन्हा नाही, तो मुक्कामाला राहणं हा गुन्हा. आणि इथे परत एक गंमत बघा, पाचच ओळी पुढे ४:३१ मध्ये जे जे टाकून द्यायला सांगितलंय त्यात ओर्गे आहे आणि त्याच्या जोडीला थिमोस पण आहे, आणि हा थिमोस आपल्या 'धूम'चा, म्हणजे धुराचा, सख्खा चुलतभाऊ आहे. मूळ एकच. धूम वरून मराठीत काय झालं? धुमसणं! तेव्हा ते तीन वर्षं भावाशी न बोलणारे, आवाज न चढवणारे गृहस्थ मंदक्रोध नव्हेत, ते धुमसतायत, म्हणजे जे टाकून द्यायला सांगितलंय नेमकं तेच त्यांनी मंद आचेवर जपून ठेवलंय. तीन वर्षांत सूर्य हजारच्या वर वेळा मावळला.

शांती आणि कृतज्ञतेबद्दल थोडक्यात, कारण बरंच लिहून झालं. हे जुळतं ते कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात. आठव्या ओवीत... ओवी काय, वचनात, राग आणि संताप टाकून द्या असं आहे, आणि पंधराव्या वचनात ख्रिस्ताची शांती अंतःकरणात राज्य करो. 'राज्य करो' हे जरा सपाट भाषांतर, मूळ क्रियापद ब्राबेउओ, म्हणजे सामन्यात पंचाचं काम करणं. ज्यांना शांती म्हणजे गप्प बसणं वाटतं त्यांनी हे लक्षात घ्या, पंच गप्प बसत नाही, निकाल देतो. आतमध्ये राग एक म्हणतोय, अहंकार दुसरं म्हणतोय, तर अंपायर कोण, शांती. आपला 'शांत' शब्द शम् चा, विझण्याचा, थांबण्याचा, त्यामुळे मराठी कानाला शांतीत विझलेपणा ऐकू येतो. हिब्रू शालोममध्ये तो नाही, त्याचं मूळ पूर्ण असण्याचं, काही तुटलेलं न राहण्याचं. भावाशी न बोलता घरात शांतता असू शकते, शालोम नाही.

आणि त्याच पंधराव्या वचनाचं शेपूट आहे, 'आणि कृतज्ञ असा'. कृतज्ञ म्हणजे कृत + ज्ञ, केलेलं जाणणारा. कृतघ्न म्हणजे केलेलं ठार मारणारा, त्यातला 'घ्न' तोच जो शत्रुघ्नात आहे. 'आभार'मध्ये भार आहे, ओझं, म्हणून लोक आभार मानून ते लगेच उतरवून टाकतात, थँक्यू म्हटलं की संपलं. जाणणं असं उतरवता येत नाही. मराठी बायबलात एक सुंदर शब्द आहे, उपकारस्तुती, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा', १ थेस्सल ५:१८. तो चर्चबाहेर कुणी वापरत नाही, वापरायला हवा. रागाशी याचा संबंध एवढाच की रागाला फक्त समोरच्याने आत्ता काय केलं तेवढंच दिसतं आणि कृतज्ञाला त्याने आधी काय केलं ते पण माहीत असतं, त्याचा श्वास आपोआप लांबतो.

आणि हो, मंदक्रोध हा एकच शब्द, जोडून लिहायचा. 'मंद क्रोध' असा तोडून लिहिलात की परत गॅसची ज्योत.