ओबिन्यीपासून सुरू कर

अरे फ्रान्समध्ये जहागिरी-किताब मिळालेली सगळी स्कॉटिश घराणी एकदम घेऊन बसू नकोस, डोकं फिरेल. आधी ओबिन्यीचे स्टुअर्ट घे. १४२३ मध्ये फ्रान्सचा राजा सातव्या चार्ल्सने डार्नलीच्या जॉन स्टुअर्टला ओबिन्यीची जहागीर दिली, इंग्रजांविरुद्ध लढायला आला म्हणून, आणि ती पुढे पिढ्यानपिढ्या चालली. फ्रेंच कागदांत स्टुअर्टचं स्पेलिंग वेगळं असतं हां, डब्ल्यू नसतो, मी सुरुवातीला तिथेच आपटलो.

नुसता किताब आणि खरी जमीन यात गल्लत करू नकोस. चौथा अर्ल डग्लस १४२४ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या तूरेन प्रांताचा ड्यूक झाला आणि ऑगस्टमध्ये व्हर्नोयच्या लढाईत मेलासुद्धा, चार महिने फक्त! नंतर डग्लस लोक नुसता किताब मिरवत बसले. हॅमिल्टन घराण्याचं शातेलरो (तिथला ड्यूकचा किताब) नंतर बघ, ती तर स्कॉटलंडच्या राणी मेरीच्या फ्रेंच युवराजाशी लग्नाला हो म्हटल्याची बक्षिसी.