वाचकांचे प्रश्न : 'पिण्याआधी एक पाकीट' विकणाऱ्यांवर लगाम कोणाचा?

हँगओव्हरच्या गोळ्या, पावडरी आणि ड्रिंक्सबद्दल यावेळी इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. काही प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मुलाच्या बॅगेत एक छोटं पाकीट सापडलं. पुढे मोठ्या अक्षरात 'पिण्याआधी घ्या, सकाळी फ्रेश उठा' आणि मागे अगदी बारीक अक्षरात 'हे उत्पादन कोणताही आजार बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी नाही'. एकाच पाकिटावर ही दोन वाक्यं चालतात कशी? कोणी बघतं की नाही? – एक आई

उत्तर : बघतात, पण उशिरा बघतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

औषध विकायचं असेल तर ते काम करतं हे आधी सिद्ध करावं लागतं आणि मग बाजारात आणता येतं. सप्लिमेंटचं तसं नाही, ते खाण्याच्या वस्तूंच्या रांगेत बसतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते आधी विकायला येतं आणि तक्रार झाली तर नंतर चौकशी होते. अमेरिकेत १९९४ साली सप्लिमेंटसाठी जो कायदा झाला त्यात असं ठरलं की शरीराच्या नेहमीच्या कामाला मदत होते एवढं कंपनी म्हणू शकते, पण आजार बरा होतो, टळतो असं म्हणायचं नाही, आणि पहिल्या प्रकारचं वाक्य लिहिलं की सोबत 'या दाव्याची सरकारी तपासणी झालेली नाही, हे आजारावर नाही' अशी सूचना छापायची. तुम्ही वाचलेली ओळ त्याच जातीची आहे. लोकांना वाटतं ही ओळ आहे म्हणजे कंपनी प्रामाणिक आहे, सगळं नियमात आहे. तसं अजिबात नाही! मागे सूचना छापली म्हणून पुढचा चुकीचा दावा कायदेशीर होत नाही.

म्हणूनच तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये हँगओव्हरची सप्लिमेंट्स विकणाऱ्या सात कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं, हँगओव्हर हे दारूच्या विषबाधेचं लक्षण आहे, विषबाधा हा आजार आहे, मग तो टाळण्याचा किंवा घालवण्याचा दावा केला की तुमची पावडर औषध ठरते, आणि औषध म्हणून तुम्ही परवानगी घेतलेली नाही. काही पाकिटांत एन-ॲसिटिल सिस्टीन हा घटक होता, तो अमेरिकेत १९६३ पासून औषध म्हणून मंजूर आहे, त्यामुळे तो सप्लिमेंटमध्ये घालताच येत नाही असंही त्यांनी बजावलं (२०२२ मध्ये या एका घटकाबाबत ते जरा नरमले, पण आजाराचे दावे करायची सूट काही दिली नाही).

आता यातली मला खटकणारी गोष्ट सांगते. अशी पत्रं येतात तेव्हा मुख्य रोख पाकिटावरच्या वाक्यांवर असतो. वाक्य काढलं की तीच पावडर नव्या वाक्यासकट परत विकायला येऊ शकते. तुमच्या मुलाच्या हातात पोचणारी वस्तू तीच राहते.

प्रश्न : हँगओव्हर हा आजार कसा काय? स्वतः प्यायची, स्वतः भोगायचं. यात सरकारने आणि कोर्टाने पडायचं कारणच काय? – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : काका, तुमचा राग समजतो, पण हा नियम पिणाऱ्याला वाचवायला म्हणण्यापेक्षा विकणाऱ्याला आवरायला आहे. फसवणूक झालेला माणूस शहाणा होता की वेडा, याने फसवणाऱ्याचा गुन्हा कमी होत नाही ना?

आणि 'आजार कसा' याचं उत्तर जर्मनीत एका वरच्या कोर्टाने दिलंय, फ्रँकफर्टच्या, सप्टेंबर २०१९ मध्ये. एक कंपनी पाण्यात मिसळायची पावडर आणि तयार ड्रिंक विकत होती, जाहिरातीत हँगओव्हर टळतो आणि कमीही होतो असं लिहिलेलं. युरोपात २०११ च्या नियमाप्रमाणे खाण्याच्या कुठल्याही वस्तूला आजार टाळण्याचा, बरा करण्याचा गुण चिकटवता येत नाही. कंपनी म्हणाली, हँगओव्हर आजारच नाही. कोर्ट म्हणालं की लोकांच्या आरोग्याचा प्रश्न असेल तेव्हा आजार या शब्दाचा अर्थ मोठाच धरायचा, शरीराच्या नेहमीच्या कामात झालेला छोटा किंवा तात्पुरता बिघाडसुद्धा त्यात येतो. डोकं दुखणं, मळमळ हे शरीराचे रोजचे चढउतार नाहीत, आणि डॉक्टरकडे न जाता आपोआप बरं होतं म्हणून तो आजार नाही असंही होत नाही. मला हा निकाल पटतो. सर्दीही आपोआप जाते, पण सर्दी घालवणारं बिस्कीट म्हणून कोणी काही विकलं तर आपण पुरावा मागूच की.

प्रश्न : ब्रँडच्या वेबसाइटवर 'क्लिनिकली टेस्टेड' लिहिलंय, आलेख वगैरे पण आहेत. मग तरी विश्वास ठेवायचा नाही का? – कॉलेजमधला वाचक

उत्तर : तू विचारलंस ते बरं झालं, कारण आता खरी लढाई याच दोन शब्दांवर आहे.

आधी चित्र काय ते बघ. २००५ साली एका मोठ्या वैद्यकीय मासिकात हँगओव्हरवरच्या आठ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, निष्कर्ष असा की पटण्यासारखा पुरावा कशाचाच नाही. मग २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी तेच काम परत केलं, यावेळी २१ चाचण्या, २३ वेगवेगळे उपाय. काही उपायांनी लक्षणं कमी झालेली दिसली, लवंगेचा अर्क त्यातला एक, पण सगळा पुरावा अतिशय कमी दर्जाचा होता. आणि सर्वात महत्त्वाचं, एकच उपाय दोन वेगळ्या अभ्यासांनी तपासलाय असं एकदाही घडलेलं नव्हतं. म्हणजे प्रत्येक निकाल एकटा, पडताळलेला एकही नाही. आठ अभ्यासांत तर बाईच नव्हती, सगळे पुरुष.

दुसरं म्हणजे नेमकं काय मोजलं ते विचार. हँगओव्हर सगळ्यात जोरात असतो तो रक्तातली दारू जवळजवळ शून्यावर आल्यावर. त्यामागे बरंच काही असतं, शरीरात उठलेली सूज, तुटक झोप, लघवीवाटे गेलेलं पाणी, पोटाची जळजळ, गडद रंगाच्या दारूत जास्त असणारे बाकीचे पदार्थ. कंपन्यांना आवडतं ते ॲसिटाल्डिहाइड, दारू फुटताना होणारं एक विषारी रसायन, कारण त्याचा आलेख छान काढता येतो. पण सकाळी डोकं दुखत असतं तेव्हा बहुतेकांच्या रक्तात ते फारसं उरलेलंच नसतं. मग तो आकडा थोडा खाली आला याचा तुझ्या सकाळशी संबंध लागेलच असं नाही. २०२२ मध्येच ब्रिटनमध्ये एक जीवाणूंची गोळी बरीच गाजावाजा होऊन आली, तिच्या मागचा अभ्यास २४ जणांवरचा होता, आणि त्यात दिलेली दारू इतकी थोडी होती की तेवढ्याने धड हँगओव्हर होणारच नाही. रक्तातल्या दारूचा आकडा दाखवायचा आणि सकाळच्या बरेपणाबद्दल बोलायचं, ही उडी पकडायला शिक.

'टेस्टेड' चा अर्थ तपासलं, एवढाच. पास झालं असं त्यात कुठेच नाही.

प्रश्न : मी अशाच एका ब्रँडसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिते. वकिलांनी 'हँगओव्हर' शब्द काढायला लावला, आता 'उद्याची तयारी आजच', 'लिव्हरचा दोस्त' असं लिहायचंय, सोबत ग्लास आणि उगवत्या सूर्याची इमोजी. शब्दच नाही तर दावा कुठे, असं ऑफिसात म्हणतात. मला मात्र झोप लागत नाहीये. – नाव न छापता

उत्तर : तुमची झोप उडालीय ते योग्यच आहे असं मी म्हणेन.

वाचणाऱ्याला जे समजतं तोच दावा. ग्लास, सूर्य आणि 'उद्या' एकत्र आले की कोणालाही अर्थ कळतो, तुम्हाला ते तसं लिहायला सांगितलंय तेच मुळी अर्थ कळावा म्हणून. अमेरिकन प्रशासनसुद्धा फक्त लेबल बघून थांबत नाही, वस्तू कशासाठी विकली जातेय हे ठरवताना उत्पादनाचं नाव, वेबसाइट, सोशल मीडियावरच्या पोस्ट, ग्राहकांचे छापलेले अनुभव सगळं विचारात घेतं. त्यामुळे वकिलांची पळवाट वाटते तितकी पक्की नाही.

आणि दक्षिण कोरियाने तर ही पळवाट बुजवायचा चांगला प्रयत्न केलाय. तिथे ही ड्रिंक्स प्रचंड खपतात. तिथल्या अन्न आणि औषध सुरक्षा मंत्रालयाने बंदी न घालता वेगळा रस्ता धरला, म्हणाले दावा करायचा तर करा पण माणसांवरच्या चाचणीचा पुरावा आणा. कंपन्यांना तयारीला पाच वर्षं दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून नियम लागू केला. चाचणीत रक्तातली दारू, ॲसिटाल्डिहाइड आणि माणसाला स्वतःला वाटणारा त्रास, तिन्ही बघायचं. आणि नियमात नुसता 'हँगओव्हर उतरतो' हा एक शब्दप्रयोग नाही, 'पिण्याच्या आधी-नंतर' अशा अर्थाचं लिहिणंही त्यात धरलंय. तुमची सूर्याची इमोजी तिथल्या अधिकाऱ्यासमोर ठेवली तर तो पहिला प्रश्न पुराव्याचाच विचारेल असं मला वाटतं.

मला स्वतःला हा रस्ता शब्दबंदीपेक्षा बरा वाटतो, कारण बंदी घातली की सगळे गूढ भाषेत बोलायला लागतात आणि खरंच काही चांगलं औषध निघालं तरी ते सांगायला जागा उरत नाही. पण त्यातही मला एक भीती वाटते आणि ती मी लपवणार नाही. सरकारी पुराव्याचा शिक्का बसलेलं पाकीट आणखी जोरात विकलं जाईल, आणि पिणारा म्हणेल आता दोन पेग जास्त चालतील. म्हणून माझं मत असं की 'आधी घ्या' आणि 'नंतर घ्या' यांना एकाच तराजूत तोलूच नये. नंतर घ्यायच्या वस्तूने फार तर पैसे वाया जातील, पिणं तर होऊन गेलेलं असतं. आधी घ्यायची वस्तू किती प्यायचं या निर्णयाच्या वेळी हातात असते, ती परवानगीच विकते. 'पिण्याआधी' हे शब्द जाहिरातीत दिसले की तिथे पुराव्याची अट सर्वात कडक हवी, आणि याने दारू कमी चढत नाही, लिव्हरचं नुकसान टळत नाही हे पुढच्या बाजूला त्याच आकाराच्या अक्षरात हवं. तुम्ही ऑफिसात एवढं तरी सुचवून बघा, 'आधी' काढा आणि सूचना पुढे आणा. नाही ऐकलं तर तुमचा आक्षेप ईमेलवर लेखी ठेवा, उद्या चौकशी झाली तर तोंडी बोललेलं कोणाला आठवत नाही.

प्रश्न : असलं ड्रिंक घेतलं तर गाडी चालवता येते का? मित्र म्हणतो येते.

उत्तर : नाही. लिव्हर आपल्या ठरलेल्या वेगाने दारू फोडतं आणि बाजारातल्या कुठल्याही पाकिटाच्या भरवशावर गाडी चालवावी इतका पुरावा नाही. डोकं हलकं वाटलं म्हणजे रक्त साफ झालं असं नसतं. मित्राला हे वाचून दाखवा, आणि चावी त्याच्याकडे देऊ नका. याच पत्रात तुम्ही डोकेदुखीच्या गोळीचंही विचारलंय, तर भरपूर दारूवर पॅरासिटामॉल लिव्हरला धोकादायक ठरू शकतं आणि ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, नेहमी पिणाऱ्याने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नये.

प्रश्न : एक इन्फ्लुएन्सर रोज रील टाकतो, 'कितीही प्या, हे घ्या'. त्याचे फॉलोअर्स शाळकरी मुलं पण आहेत. आम्ही काय करू शकतो? – दोन शिक्षिका

उत्तर : तक्रार करा, पण ती टिकेल अशी करा. फक्त लिंक पाठवू नका, रील डिलीट झाली की लिंक मेली. स्क्रीन रेकॉर्डिंग करा, त्यात तारीख, अकाउंटचं नाव आणि खाली लिहिलेला मजकूर दिसला पाहिजे, तो बोलतो ते नेमके शब्द उतरवून काढा कारण 'कितीही प्या' हे तीन सेकंदांत निघून जातं. पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे असं कुठे लिहिलंय का ते बघा, नसेल तर बऱ्याच देशांत ती स्वतंत्र चूक धरतात. पाकीट मिळालं तर दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता. मग एक प्रत अन्नसुरक्षा खात्याला, एक ग्राहक संरक्षणाचं काम बघणाऱ्या कार्यालयाला, एक जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेला आणि एक त्या ॲपच्या रिपोर्टमध्ये. चारही ठिकाणी मजकूर एकच ठेवा आणि पहिल्या ओळीत लिहा की बघणाऱ्यांत अल्पवयीन मुलं आहेत, रीलच्या खालच्या कमेंटमधून ते दिसत असेल तर तेही जोडा, मुलांची नावं मात्र झाकून. पोच मिळाली की नंबर जपून ठेवा आणि उत्तर आलं नाही तर त्याच नंबरवर परत विचारा.