पिकअपला सीडीआय इग्निशन बसवल्यापासून एएम रेडिओ टिकटिकतो, काय करावं?

तुमच्या प्रश्नात ‘ट्रक’ हा शब्द वाचून आधी बुचकळ्यात पडलो. आपल्याकडचा ट्रक डिझेलवर, त्यात स्पार्क प्लगच नसतो, मग इग्निशनची खरखर कुठून? पुढे वाचल्यावर उलगडलं. तुम्ही अमेरिकेत आहात, गाडी १९७२ ची शेव्हरले सी-१० पिकअप आहे, पॉईंट (ठिणगीसाठी उघड-मिट करणारे जुने संपर्क) काढून बाहेरचा सीडीआय बॉक्स (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडून ठिणगी पाडणारा) बसवलाय आणि तेव्हापासून एएम स्टेशनं टिकटिकीत बुडाली आहेत. माझ्याकडे पुण्यात जुनी पेट्रोल जीप आहे. तिच्यावर मी हेच उद्योग केलेत, म्हणून लिहितो.

रेडिओच्या पॉवर वायरीत लावायचा फिल्टर एवढ्यात घेऊ नका. मी घेतला, फरक शून्य. नंतर सुचलं की अँटेनाची वायर उपसून बघावी. उपसली आणि रेडिओ चिडीचूप! म्हणजे इग्निशनचा कचरा, ही खरखर, पॉवरमधून येतच नव्हता, हवेतून अँटेनात शिरत होता. तुम्हीही आधी हेच करा. अँटेना काढूनही आवाज राहिला, तरच पॉवर वायरीच्या मागे लागा. आणि टिकटिक नसून वेगाबरोबर चढणारी ‘घूंऽऽ’ असेल, हेडलाइट लावल्यावर वाढत असेल, तर तो अल्टरनेटर. त्यात इग्निशनचा दोष नाही.

घरात मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो ना, तसंच हे. ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ स्टेशनच. सुरुवातीच्या काळातली बिनतारी यंत्रं ठिणगीवरच चालायची. सीडीआय कॉईलमध्ये (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) एकदम ४००-५०० व्होल्टचा दणका सोडतो आणि बरेच बॉक्स कमी आरपीएमला एका वेळी अनेक ठिणग्या टाकतात. त्यामुळे आयडलिंगलाच जास्त छळ होतो.

आता प्लग आणि एचटी वायरी (प्लगपर्यंत हाय टेन्शन वीज नेणाऱ्या) पाहा. प्लग रेझिस्टरचे हवेत, आत साधारण ५ किलोओहमचा रेझिस्टर असलेले. एनजीकेच्या नंबरात त्यासाठी ‘आर’ असतो: बीपी६ईएस साधा, बीपीआर६ईएस रेझिस्टरवाला. हे नंबर समजावण्यापुरते, तुमच्या इंजिनाचा प्लग पुस्तिकेतच बघा. एचटी वायरीत नुसती तांब्याची तार असेल तर ती आजच काढा. सीडीआयला ती मुळीच चालत नाही, कचरा बेफाम वाढतो आणि बॉक्सही बिथरू शकतो. स्पायरल कोअरच्या वायरी घ्या. त्यात बारीक तार गुंडाळलेली असते, ती रेडिओचा कचरा अडवते आणि ठिणगीही मरू देत नाही. माझी निम्म्याहून जास्त टिकटिक इथेच गेली. डेल्कोची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप आणि रोटर झिजले असतील तर तेही बदला, कारण तिथल्या फटीतही ठिणगीच पडते.

एक धोका मात्र ओळखून असा. पॉईंटच्या जमान्यात कॉईलच्या प्लसवर कंडेन्सर लावायचा रिवाज होता. आमच्या वायरमनने जुन्या सवयीने तो सीडीआयच्या कॉईललाही लावला आणि जीप घरी येईपर्यंत खोकत होती. सीडीआयच्या कॉईलला फक्त बॉक्सच्या दोन वायरी जोडायच्या, बाकी काहीही नाही.

उरलेला आवाज अर्थिंगने गेला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, बॉनेट बिजागऱ्यांवर, आणि बिजागऱ्यांत रंग, गंज, ग्रीस. म्हणजे बॉनेट हा इंजिनावर टांगलेला, कशालाच नीट न जोडलेला पत्रा. तोच अँटेनासारखा कचरा फेकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीपच्या बॉनेटवरच्या नंबराशेवटी ‘एस’ असेल तर ती वायरलेसला त्रास न देणारी म्हणून तयार केलेली असायची, आणि त्या तयारीत अशा अर्थिंगच्या पट्ट्या होत्याच. तांब्याची विणलेली चपटी पट्टी घ्या, जमेल तेवढी आखूड; गोल वायर या कामाला कुचकामी. इंजिन ते बॉडी, बॉनेट ते बॉडी, सायलेन्सरचा पाइप ते चासी, आणि तुमच्या बाबतीत मागचा हौदा ते केबिनसुद्धा. रंग खरवडून खाली चकचकीत पत्रा दिसला पाहिजे, वर दातेरी वॉशर.

बॉक्सच्या जाड वायरी थेट बॅटरीवर न्या. पिकअपच्या (गाडीच्या नव्हे, डेल्कोतल्या ठिणगीची वेळ सांगणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन एचटीपासून लांब ठेवा. बॉक्सच्या पॉवर वायरींवर फेराइटचं (कचरा अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं) कडं चढवायचं तर नुसतं अडकवू नका, वायर त्यातून तीनदा फिरवा. तीन वेढ्यांचा अडथळा एका वेढ्याच्या जवळपास नऊपट होतो.

कुठून गळतंय ते शोधायला खिशातला एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून चालू इंजिनाभोवती फिरवा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब. मला बॉनेटचा पत्रा तसाच सापडला. आता पुणे आकाशवाणी, ७९२ किलोहर्ट्झ, गाडी चालवताना स्वच्छ लागतं. सिग्नलला थांबलं की बारीक टिकटिक येते, तिचा नाद मी सोडलाय.