नऊ तुकड्यांची चौकट : गोधडी शिवणाऱ्यांचे प्रश्न

तीन ओळींत तीन-तीन चौरस तुकडे जोडून होणारी, पाच गडद व चार फिक्या तुकड्यांची चौकट ही जोडकामातील सर्वांत साधी रचना आहे. तिच्याविषयी आलेल्या प्रश्नांची ही उत्तरे.

आजीची दोन सुती लुगडी पेटीत जपून ठेवली आहेत. त्यांच्या चौकटी शिवता येतील का? कापायला हात धजत नाही. (दारव्हा)

लुगडे आधी दारात उजेडासमोर धरून पाहावे. जेथे विणीतून उजेड जास्त झिरपतो तो भाग विरलेला समजावा. बसताना अंगाखाली येणारा भाग आणि वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या घड्या येथे हे बहुधा आढळते. मग कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी उभ्या आणि नंतर आडव्या धाग्याच्या दिशेने हलके ताणावे. धागे सरकून फट पडली, तर तो भाग चौकटीत मुळीच घेऊ नये, कारण शिवणीवर सगळा ताण येतो आणि जीर्ण कापड तेथेच प्रथम फाटते. मात्र तो टाकूनही देऊ नये. आपल्याकडच्या गोधडीत जुनी लुगडी आणि धोतरे थरावर थर ठेवून शिवतात ती याचसाठी. आतल्या थरात वरखालच्या कापडांचा आधार मिळाला, की विरलेले कापडही पुष्कळ दिवस टिकते. मजबूत पण पातळ भागामागे मलमलीचा तुकडा, दोन्हींचे उभे धागे एकाच दिशेला ठेवून, टाचून घ्यावा आणि ते दोन्ही एकच कापड समजून कापावेत. काठाची वीण जाड असल्याने काठ वेगळे काढावेत. माझे मत विचाराल, तर दोनपैकी एकच लुगडे कापावे आणि दुसरे अखंड राहू द्यावे.

तुकडे मोजून कापले, तरी चौकटी लहान भरतात आणि कोपरे जुळत नाहीत. (मेहकर)

दोष बहुतेक शिवणीच्या अंतरात आहे. तीन इंचांचा तुकडा हवा असेल, तर चारही बाजूंना पाव इंच धरून तो साडेतीन इंचांचा कापतात, म्हणजे जोडलेली चौकट साडेनऊ इंच भरली पाहिजे. शिवण अर्धे सूत (इंचाचा सोळावा भाग) जरी जास्त आत गेली, तरी एका ओळीतील दोन जोडांवर, प्रत्येकी दोन्ही तुकड्यांकडून, मिळून पाव इंच कमी होतो. यावर उपाय सोपा आहे : पायमशीनच्या सुईपासून नेमके पाव इंच मोजून पत्र्यावर चिकटपट्टी लावावी आणि कापडाची कड तिला लावूनच शिवत जावे.

कोपऱ्यांसाठी प्रत्येक ओळीतील शिवणी गडद तुकड्याकडे वळवून इस्त्री करावी. असे केले की शेजारच्या ओळींतील शिवणी आपोआप विरुद्ध दिशांना पडतात आणि जोडावर एकमेकींना घट्ट भिडतात. तेथे टाचणी लावूनच मशीन चालवावे. इस्त्री ओढू नये, उचलून दाबावी, कारण ओढल्याने तुकडे उरेब, म्हणजे तिरके, ताणले जातात.

जुन्या धाटणीचे छापील सुती कापड नवे घ्यायचे आहे. कसे निवडावे आणि किती लागेल? (आर्वी)

जुन्या धाटणीचे म्हणून आज मिळणारे लहान फुलांचे अनेक छाप १९३० च्या दशकातील अमेरिकेतून आलेले आहेत. तेथे पीठ, साखर आणि पेंड छापील सुती पोत्यांत येई आणि शेतकरी कुटुंबांतील बायका त्याच पोत्यांचे कपडे व गोधड्या शिवत. पेंडीची पोती रोज पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे जवळचे वाटेल. तीन इंचांच्या तुकड्यात मोठा वेल तुटून जातो, म्हणून नक्षी बारीकच घ्यावी. छाप निवडताना ते दहा पावले दूर ठेवून पाहावेत; दुरून गडद-फिके वेगळे दिसले नाही, तर रचनाच हरवते.

६३ × ९० इंचांच्या गोधडीसाठी ३५ चौकटी आणि त्यांच्यामध्ये आलटूनपालटून ३५ सलग चौरस लागतात. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे गडद कापड दीड मीटर, फिके सव्वा मीटर आणि सलग चौरसांचे अडीच मीटर पुरेल. कापड धुऊनच कापावे. लाल आणि गडद निळा आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून पाहावेत. रंग उतरत असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे.

टेरिकॉटचे तुकडे सुतीत मिसळावेत का? (पातूर)

नाही. आटण्याचे प्रमाण वेगळे असते आणि सुतीला लागणारी इस्त्री टेरिकॉटला सोसत नाही.

आत रुई भरावी की जुनी पातळे घालावीत? (तिवसा)

रुई घरचीच असल्याने मोह होणे साहजिक आहे, पण सुटी रुई धुण्यात गोळा होते आणि ओली गोधडी उचलवत नाही. नेहमी धुवायच्या गोधडीत दोन-तीन सुती पातळांचे थर घालावेत. सर्व थर सारवलेल्या कोरड्या जमिनीवर सतरंजी अंथरून पसरावेत, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि त्याच क्रमाने कच्चे टाके घालावेत. धावदोरा त्यानंतरच सुरू करावा; आतली पातळे सरकणार नाहीत, इतक्या जवळ, म्हणजे दोन बोटांच्या अंतराने, ओळी घालाव्यात.